क्षमा झाली, मग शुद्धी कशासाठी? (कॅथलिक श्रद्धा आणि २ नोव्हेंबर)

पांझराकाठ:
राम राम मंडळी. नोव्हेंबर लागला की भुसावळ, जळगाव, धुळ्याकडच्या ख्रिस्ती दफनभूमीत थडगी धुतली जातात, झेंडूची फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. कॅथलिक लोक २ तारखेला मृतांसाठी मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) करतात, हेही माहीत आहे. पण त्यामागचं गणित कळत नाही. कन्फेशनमध्ये, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करताना, फादर देवाच्या नावाने क्षमा देतात, म्हणजे पाप संपलं. मग मेल्यावर परत शुद्धी कशाची? आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेने गेलेल्याचं काय भलं होतं? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आपण घागर भरतो, गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकून पितरांना आगारी देतो, तशातलंच हे आहे का? शेजारधर्म म्हणून तिथे गेलं तर कसं वागावं, तेही सांगा. वाद नको, माहिती हवी.

भुसावळ_यार्ड:
चांगला प्रश्न. कॅथलिक शिकवणीत पापाचे दोन परिणाम वेगळे धरलेत, आणि तुमच्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. गंभीर पापाने देवाशी असलेलं नातं तुटतं. ते तसंच तुटलेलं राहून माणूस मेला तर कायमचा दुरावा, त्यालाच नरक म्हणतात. कन्फेशनमध्ये हा दोष आणि त्याची सार्वकालिक शिक्षा पूर्ण पुसली जाते, काही शिल्लक राहत नाही. दुसरा परिणाम मात्र राहू शकतो. पापाने मनाला लागलेली ओढ, झालेली नासधूस, बिघडलेली घडी. त्याला 'ऐहिक दंड' म्हणतात. तो इथे प्रायश्चित्ताने, प्रार्थनेने, दानधर्माने, आलेलं दुःख धीराने सोसून उतरतो. इथे राहिला तर मृत्यूनंतर उतरतो. ती अवस्था म्हणजे पर्गेटरी, मराठीत शुद्धिस्थान.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शुद्धिस्थानात असलेला प्रत्येक आत्मा तारलेलाच आहे. तिथून खाली जायची वाट नाही, फक्त वर जायची आहे. म्हणजे ती दुसरी संधी नव्हे. निवाडा मरणाच्या क्षणीच झालेला असतो.

बांधकरी:
यार्डभाऊंनी जे मांडलं ते शेताच्या बांधावर नेऊन बघू.

एकाने शेजाऱ्याचा बांध कोरला. दर नांगरटीला वीतभर. बांध ३०० फूट लांब, आणि काही वर्षांत दीड फूट आत सरकला, म्हणजे ४५० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, तेव्हा अर्ध्या गुंठ्यालाही कमीच. एवढ्याशा जमिनीपायी दोन घरांचं बोलणं बंद होतं. पुढे हा माणूस मनापासून शेजाऱ्याच्या पाया पडतो, शेजारी म्हणतो, जाऊ दे, माफ केलं. ही क्षमा खरी आहे, पूर्ण आहे. पण बांध अजून दीड फूट आतच आहे. माती परत टाकायची आहे, आणि त्या पट्ट्यात इतकी वर्षं घेतलेल्या कापसाचा हिशेब द्यायचा आहे. शिवाय औत बांधापाशी आलं की त्या बाजूला झुकणारा त्याचा हात. तो हात माफीने सरळ होत नाही, त्याला वळण लावावं लागतं.

माती परत टाकणं म्हणजे भरपाई. हात सरळ होणं म्हणजे शुद्धी. चर्चच्या शिकवणीत स्पष्ट आहे की पापमुक्तीने पाप जातं, पण पापाने माजवलेली सगळी अव्यवस्था आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करणं, बदनामी केली असेल तर नाव पुन्हा उभं करणं, हे पाप करणाऱ्याचं काम आहे. परत द्यायचा मनात विचारच नसेल तर पश्चात्ताप खरा नाही, आणि तिथे पापमुक्तीच अडते. म्हणून असा माणूस कन्फेशनला आला तर फादर नुसत्या दहा प्रार्थना सांगून सोडणार नाहीत. बांध मागे घे म्हणतील. नेमकी हद्द कळत नसेल तर भूमी अभिलेखची मोजणी आहेच.

शिरपूर_फाटा:
एकदम बराबर सांगं बांधकरी जिभाऊ. आता ध्यानात आलं.

नवापूरचा_वाचक:
आमच्या नवापूर-नंदुरबार पट्ट्यात प्रोटेस्टंट मंडळ्या जुन्या आहेत, तेव्हा आमचीही बाजू आदराने मांडतो. पहिल्या योहानाच्या पहिल्या अध्यायात आहे की येशूचं रक्त आपल्याला सर्व पापांपासून शुद्ध करतं. सर्व म्हणजे सर्व. वधस्तंभावरच्या चोराला प्रभू म्हणाला, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." आज म्हणाला, शुद्ध होऊन ये असं नाही म्हणाला. इब्री ९:२७ सांगतं की एकदाच मरणं आणि मग न्याय. यात मधली पायरी कुठे आहे? मृतांसाठी आम्ही देवाचे आभार मानतो, त्यांच्या कुटुंबासाठी प्रार्थना करतो, पण मृताची अवस्था बदलावी म्हणून प्रार्थना करत नाही. शुद्धिस्थान हा शब्दही शास्त्रात नाही.

भुसावळ_यार्ड:
नवापूरकर, तुम्ही नेमके तेच दाखले दिलेत ज्यांचं उत्तर द्यायलाच हवं.

मृतांसाठी प्रार्थनेचा सर्वांत स्पष्ट उतारा दुसऱ्या मक्काबी पुस्तकाच्या १२व्या अध्यायात आहे. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्याखाली याम्नियाच्या मूर्तींचे ताईत सापडतात. तेव्हा त्यांचा यहुदी सेनापती यहूदा मक्काबी २००० द्राख्मा चांदी गोळा करून त्यांच्या पापार्पणासाठी यरुशलेमला धाडतो. हे पुस्तक कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांच्या बायबलात आहे, तुमच्या ६६ पुस्तकांत नाही. म्हणून हा मतभेद मुळात कोणती पुस्तकं मानायची इथून सुरू होतो. दोघांनाही मान्य असलेला उतारा १ करिंथ ३:१५ आहे. माणसाचं काम आगीत जळेल, त्याची हानी होईल, पण तो स्वतः तारला जाईल, 'जणू अग्नीतून'. कॅथलिक धर्मपंडित तो इथे लावतात.

चोराबद्दल म्हणाल तर कॅथलिक उत्तर असं, की शुद्धिस्थानातून प्रत्येकाला जावंच लागतं असं कुठेही शिकवलेलं नाही. ज्याचा पश्चात्ताप पूर्ण, ज्याने मरणयातना प्रेमाने सोसल्या, तो सरळ जातो. आणि 'सर्व पापांपासून शुद्ध करतं' हे कॅथलिकही तितक्याच जोराने म्हणतात. शुद्धिस्थानातली शुद्धीसुद्धा ख्रिस्ताच्याच रक्ताची आहे, वेगळी कमाई नव्हे.

नवापूरचा_वाचक:
शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ते ठळकपणे शिकवलं जावं. मूळ मतभेद राहील, पण त्यांची बाजू आता नीट समजली.

सातपुडा_पायथा:
धाग्याच्या सुरुवातीला कन्फेशन आलं, पण ते होतं कसं ते कुणी लिहिलं नाही. ज्यांनी बऱ्याच वर्षांत केलेलं नाही ते क्रम विसरल्यामुळेच मागे राहतात, म्हणून लिहितो.

आधी घरी किंवा बाकावर बसून दहा आज्ञा एकेक घेऊन मन तपासायचं. रांगेत उभं राहून आठवत बसलं की घोटाळा होतो. आत गेल्यावर क्रूसाची खूण. मग, "फादर, आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे, माझ्या शेवटच्या कन्फेशनला इतके महिने झाले." पुढे पापं. गंभीर पापाचा प्रकार आणि अंदाजे किती वेळा, दोन्ही सांगायचं. 'खोटं बोललो' एवढं पुरत नाही. कोर्टात शपथेवर खोटं बोलणं आणि पाहुण्याला खोटं कारण सांगणं सारखं कसं असेल? मात्र घटनेची कहाणी नको आणि दुसऱ्याचं नाव तर मुळीच नको. शेवटी "ही आणि न आठवणारी सगळी पापं" म्हणायचं. फादर दोन शब्द सांगतात, प्रायश्चित्त देतात, आपण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो, ते पापमुक्तीचे शब्द उच्चारतात. शब्द ऐकल्याशिवाय उठायचं नाही. दिलेलं प्रायश्चित्त शक्यतो त्याच दिवशी पुरं करायचं, उद्यावर टाकलं की राहतं.

बिघडतं कुठे? एखादं गंभीर पाप मुद्दाम लपवलं तर ते कन्फेशन निष्फळ. पुढच्या वेळी लपवलेलं तर सांगावंच लागतं, त्या फुकट गेलेल्या कन्फेशनमधलं बाकीचंही परत सांगावं लागतं. खरोखर विसरलं असेल तर क्षमा झालेली आहे, आठवलं की पुढच्या खेपेला सांगून टाकायचं. आणि जे गंभीर धरायचं त्यात तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर, ती गंभीर असल्याचं पुरतं भान, आणि मनाची पूर्ण संमती. झोपेतल्या स्वप्नावरून कुणी स्वतःला दोषी ठरवू नये. एकच क्षमा झालेलं पाप दर आठवड्याला घोकणाऱ्यांनी एकच फादर धरावेत आणि ते 'पुरे' म्हणाले की पुरे.

तापी_पावरी:
भाषेचं काय? धडगाव-अक्कलकुव्याकडे घरात पावरी नाहीतर भिली बोलतात. फादर बाहेरचे असले तर वयस्कर बाईने मनातलं कसं सांगावं? फोनवर मराठी-पावरी दोन्ही येणारे फादर गाठले तर चालेल का?

सातपुडा_पायथा:
फोनवर नाही, व्हिडिओवरही नाही. समोरासमोरच. इंटरनेटवर कोणताही संस्कार होत नाही, हे व्हॅटिकनने २००२ मध्ये स्पष्ट केलं. भाषेची वाट आहे: चर्चच्या कायद्यातल्या कलम (कॅनन) ९९० प्रमाणे दुभाषी घेऊन कन्फेशन करता येतं. दुभाष्यालाही गुप्तता बंधनकारक असते, ऐकलेलं बाहेर नेणं गंभीर अपराध. स्वतः धर्मगुरूने कन्फेशनची गुप्तता थेट मोडली तर तो आपोआप धर्मबहिष्कृत होतो आणि ती शिक्षा उठवायचा अधिकार फक्त रोमकडे. दुभाषी नात्यातला नको, एवढी काळजी घ्यावी. सुनेला दुभाषी करून सासूने काय सांगावं!

गावात फादर ठरावीक दिवशीच येत असतील तर मिस्सा सुरू व्हायच्या अर्धा तास आधी गाठावं. मिस्सेनंतर त्यांना पुढच्या पाड्यावर जायची घाई असते. आणि धर्मगुरू मिळण्याआधी मरण समोर आलं तर देवावरच्या प्रेमापोटी झालेला पूर्ण पश्चात्ताप, सोबत संधी मिळताच कन्फेशन करायचा निश्चय, एवढ्यानेही गंभीर पापाची क्षमा होते. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांत हे घराघरात ठाऊक असायला हवं.

चोपडा_चौफुली:
१५१७ ला ल्यूथरचं भांडण ज्यावरून झालं, ती 'पैसे देऊन पापमाफी' अजून आहे का?

भुसावळ_यार्ड:
इन्डल्जन्स, म्हणजे दंडमाफी, आहे, पैसे नाहीत. त्या काळी विक्री झाली, तो चर्चचा मोठा अपराध होता आणि तो लपवायचं कारण नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये शुद्धिस्थानाची शिकवण कायम ठेवली. मृतांसाठी केलेल्या प्रार्थना, विशेषतः मिस्सा, त्या आत्म्यांच्या उपयोगी पडतात असं सांगितलं, आणि त्याच ठरावात बिशपांना बजावलं की यातून घाणेरडा नफा, भाबडी उत्सुकता आणि अंधश्रद्धा वाढू देऊ नका. १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाशी जोडलेल्या सगळ्या दंडमाफ्या रद्द केल्या.

दंडमाफी पापाची नसते. पापाची क्षमा आधीच झालेली असते, उरलेला ऐहिक दंड माफ होतो. पूर्ण दंडमाफीसाठी नेमलेलं कृत्य, कन्फेशन, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना (एक 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' आणि एक 'नमो मारिया' पुरते), आणि सर्वांत अवघड म्हणजे लहानातल्या लहान पापाचाही मोह मनातून सुटलेला असणं. हे शेवटचं नसेल तर माफी अंशतः. पूर्ण माफी दिवसाला एकच. एक कन्फेशन अनेक माफ्यांना चालतं, साधारण २० दिवस आधी किंवा नंतरचं. ख्रिस्तप्रसाद आणि पोपसाठीची प्रार्थना मात्र प्रत्येक माफीला वेगळी.

१ ते ८ नोव्हेंबर दफनभूमीत जाऊन मृतांसाठी, मनातल्या मनात का होईना, प्रार्थना केली तर ही माफी शुद्धिस्थानातल्या आत्म्यासाठी मिळते. आठ दिवस, आठ माफ्या. २ तारखेला चर्चमध्ये जाऊन प्रभूची प्रार्थना आणि मतांगीकार (श्रद्धेची कबुली) म्हटला तरी मिळते. नोव्हेंबरच्या या माफ्या फक्त मृतांसाठीच. एरवीची दंडमाफी स्वतःसाठी घेता येते किंवा मृतांना देता येते, दुसऱ्या जिवंत माणसासाठी घेता येत नाही. त्याला पाय आहेत, त्याने स्वतः चालावं.

वरणगाव_रोड:
जुन्या प्रार्थनापुस्तकांत प्रार्थनेखाली '३०० दिवस' छापलेलं असतं. शुद्धिस्थानातले तेवढे दिवस कमी, असाच अर्थ घरोघर लावतात.

भुसावळ_यार्ड:
तो अर्थ चुकीचा. प्राचीन चर्चमध्ये उघड प्रायश्चित्त दिवसांत मोजायचे, तेवढ्या दिवसांच्या प्रायश्चित्ताइतकं मोल, असा तो आकडा होता. गैरसमज होतो म्हणून पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये दिवस-वर्षांची मोजणीच काढून टाकली. शुद्धिस्थानाला आपलं कॅलेंडर लागू नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ४ ऑगस्ट १९९९ च्या प्रवचनात ते स्थळ नसून अवस्था असल्याचं सांगितलं. सोळावे बेनेडिक्ट यांच्या २००७ च्या परिपत्रात तर येतं की ती जाळणारी आणि तारणारी आग म्हणजे स्वतः ख्रिस्त, त्याच्या नजरेसमोर आपलं खोटेपण वितळतं. हे वाचल्यावर उकळत्या कढईची चित्रं मनातून उतरतात.

मिस्सा_सूची:
आता मिस्सेच्या पैशांबद्दल, कारण त्यावरून घराघरात कुजबूज असते. मृताच्या नावाने मिस्सा सांगताना देतात ती किंमत नाही, अर्पण आहे. रक्कम त्या प्रांताचे बिशप ठरवतात. फादर जास्त मागू शकत नाहीत, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्यासाठीही मिस्सा करावी असं चर्चचा कायदा सांगतो. अर्पण वेगवेगळं घेतलं असेल तर प्रत्येक हेतूला वेगळी मिस्सा. धर्मगुरूने दिवसात एकापेक्षा जास्त मिस्सा केल्या तरी (नाताळचा दिवस सोडून) अर्पण एकाच मिस्सेचं स्वतःकडे ठेवायचं. ग्रेगरी मिस्सा म्हणजे एकाच मृतासाठी सलग ३० दिवस ३० मिस्सा. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी यांच्या लेखनातून ती प्रथा आली. खंड पडता कामा नये, म्हणून छोट्या पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) ती घेणं अवघड जातं, आधी विचारून घ्या.

२ नोव्हेंबरला प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करता येतात, १९१५ पासून. पहिलं महायुद्ध पेटलं होतं, मेलेल्यांची गणती नव्हती. ही तारीख मुळात फ्रान्समधल्या क्लूनीचे मठाधिपती ओडिलो यांनी ९९८ च्या सुमारास आपल्या मठांत सुरू केली.

चोपडा_चौफुली:
थोडं वेगळं विचारतो. दहन करून राख तापीत सोडली तर कॅथलिकाला चालतं का? जागेची अडचण बऱ्याच ठिकाणी आहे.

मिस्सा_सूची:
दहनाला १९६३ पासून मनाई नाही, पुरणं अधिक पसंत. पण २०१६ च्या सूचनेनुसार राख नदीत सोडायची नाही, वाटून घ्यायची नाही, घरात ठेवायची नाही. दफनभूमीत किंवा चर्चने ठरवलेल्या पवित्र जागी ठेवायची. नाव लिहिलेली जागा असली तर माणूस विसरला जात नाही आणि लोक प्रार्थनेला येतात, हा त्यामागचा विचार.

अमळनेर_वाटेवर:
एक जड प्रश्न. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यासाठी मिस्सा होते का? पूर्वी नाकारायचे असं ऐकिवात आहे.

बांधकरी:
होते. पूर्वी नाकारायचे, हे खरं. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात आत्महत्या केलेल्याला अंत्यविधी नाकारण्याचं कलम उरलेलं नाही. शिकवणीत आत्महत्या गंभीर चूकच मानली आहे, पण तीव्र भीती, यातना, मनाचा आजार यांनी जबाबदारी कमी होते असंही म्हटलंय. आणि पुढे असं, की अशा माणसाच्या तारणाबद्दल निराश होऊ नये. देव फक्त त्यालाच ठाऊक असलेल्या वाटेने पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. कपाशीचा खर्चही ज्या वर्षी निघाला नाही, त्या वर्षी ज्याने घरच्यांकडे बघून विहीर गाठली, त्याच्या मनात शेवटच्या क्षणी काय चाललं होतं ते देवालाच माहीत. त्या घराला 'तो गेला नरकात' म्हणणाऱ्याने आधी शिकवण उघडून वाचावी. तिथे मिस्सा सांगावी, आणि घरच्यांचं बियाण्याचं बिल भरावं. दोन्ही प्रायश्चित्ताचीच कामं आहेत.

शिरपूर_फाटा:
शुक्रवारी मांस न खाणं हेही यातच येतं का? आमच्याकडे भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली तर मांसाची आठवण कुणाला येते!

सातपुडा_पायथा:
येतं. ख्रिस्त शुक्रवारी मरण पावला म्हणून शुक्रवार प्रायश्चित्ताचा. मासे, अंडी, दूध चालतं, मांस नाही, वय १४ पासून. राखेचा बुधवार (ॲश वेन्सडे) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी उपवासही असतो: एकच पोटभर जेवण, वय १८ ते ५९. भरताबद्दल म्हणाल तर अक्षर पाळलं जातं. पण शुक्रवारी भरताची पार्टीच केली तर त्यागाचा हेतू बाजूला राहतो. त्या दिवशी एक वाटी कमी घेऊन तेवढं उपाशी माणसाला द्यावं.

पांझराकाठ:
बरंच उलगडलं, सगळ्यांचे आभार. माझा आगारीचा प्रश्न मात्र राहिला. आणि गेल्यावर वागायचं कसं?

भुसावळ_यार्ड:
आगारीमागचं प्रेम आणि यामागचं प्रेम एकाच जातीचं आहे. गेलेल्याचा आपल्याशी संबंध तुटत नाही, ही जाणीव दोन्हीकडे. फरक असा, की आगारीत घास पितरांना पोचतो अशी श्रद्धा. कॅथलिक माणूस मृताला काही खाऊ घालत नाही, त्याच्याकरता देवाकडे मागतो. पुनर्जन्मही इथे नाही, कर्माचा हिशेब पुढच्या जन्मी नेत नाहीत. इथे आणि तिथे असलेले सगळे ख्रिस्ताच्या एकाच शरीराचे अवयव आहेत, म्हणून एकाची प्रार्थना दुसऱ्याच्या कामी येते. बांधकरींच्या उदाहरणात, म्हातारा बाप माती टाकता टाकता थकला, तर त्याच्या मुलाने दोन टोपल्या टाकलेल्या शेजाऱ्याला चालतात.

आणखी एक. कॅनन ९०१ प्रमाणे धर्मगुरू कोणासाठीही मिस्सा करू शकतात, जिवंत असो की मृत. तुमच्या आजी-आजोबांच्या नावाने सांगितली तरी चालेल.

मिस्सा_सूची:
वागण्याचं सोपं आहे. मिस्सेत मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत जाऊ नका, तो कॅथलिकांसाठीच असतो, बसून राहिलात तर कुणाला वाईट वाटत नाही. दफनभूमीत चप्पल चालते, थडग्यावर पाय मात्र पडू देऊ नका. नारळ, अगरबत्तीऐवजी फुलं आणि मेणबत्ती न्या. फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत येतात, तेव्हा त्या घरच्यांजवळ गप्प उभं राहणं पुरतं. संध्याकाळी तापीकडून वारा सुटतो आणि उघडी मेणबत्ती विझते, म्हणून काचेच्या ग्लासात तळाशी थोडी वाळू घालून त्यात रोवा. काडेपेटी जास्तीची ठेवा, शेजारच्या कबरीवालेही मागतात.